दिव्यातल्या जिनाचे तीन वर

हातात पैसा नसला की आपण सहज म्हणतो, "माझ्याकडे काय अल्लाउद्दीनचा दिवा आहे?" त्या दिव्यातला जिन तीनच वर देतो, हेही पोरासोरांना पाठ असतं. मूळ गोष्टीत मात्र असा हिशेब नाही.

मुळात ही गोष्ट 'अरेबियन नाइट्स' या अरबी कथासंग्रहाच्या जुन्या हस्तलिखितांत सापडतच नाही. आंत्वान गालाँ हा फ्रेंच पंडित १७०४ पासून त्या कथांचे खंड छापत होता. १७०९ मध्ये पॅरिसला त्याची गाठ अलेप्पोच्या हन्ना दियाब या तरुणाशी पडली. दियाबने तोंडी सांगितलेल्या कथांत अल्लाउद्दीन होता. कथा घडते चीनमध्ये, पण थाट सगळा सुलतान-वजिरांचा!

घरात दाणा नाही, म्हणून अल्लाउद्दीनची आई दिवा विकायला काढते. मळलेला आहे म्हणून वाळूने घासायला घेते, तोच जिन हजर. बाई जागीच बेशुद्ध. पोरगा दिवा उचलून मागतो काय, तर जेवण! चांदीच्या बारा थाळ्या येतात. अन्न संपल्यावर पठ्ठ्या एकेक थाळी विकून घर चालवतो. आई म्हणते, फेकून दे तो दिवा.

हा जिन दाता नव्हे, ताबेदार. अरबी परंपरेतले जिन राजा सुलेमानाच्या हुकमतीत राबत, तसा हा दिवा ज्याच्या हाती त्याचा. पुढे एक जादूगार नव्याच्या बदल्यात जुना दिवा लाटतो, तेव्हा हाच जिन अख्खा महाल उचलून आफ्रिकेत नेऊन ठेवतो.

फसव्या तीन वरांची गोष्ट युरोपात निराळी चालत आली होती. शार्ल पेरोच्या १६९३ च्या कथेत लाकूडतोड्याचा पहिला वर सॉसेज मागण्यात जातो, दुसरा रागाच्या भरात ते बायकोच्या नाकाला चिकटवण्यात आणि तिसरा ते सोडवण्यात. १९४० च्या 'द थीफ ऑफ बगदाद' चित्रपटात बाटलीतला जिन अबू या चोर पोराला तीन वर देतो. अबू झालेला साबू म्हैसूरकडच्या माहुताचा मुलगा. अबूचा पहिला वर? सॉसेजच! पुढे १९९२ च्या डिस्नेपटाने तीनचा नियम दिव्यालाही लावून टाकला. माझ्या मते त्यात मूळ गोष्टीचा दरारा गेला. मालक बदलला की उलटणारा जिन जास्त भीतीदायक होता.

गालाँने दियाबचं नाव रोजनिशीत टिपलं, छापील खंडांत नाही. मुलांना ही गोष्ट सांगाल तेव्हा अलेप्पोच्या हन्नाचं नाव तेवढं घ्या.