संकेतस्थळाचे बिऱ्हाड

पुस्तकाला कपाट लागते, दप्तराला खोली लागते. तसे संकेतस्थळालाही राहावयास कोठेतरी जागा लागते. ही गोष्ट इतकी साधी आहे की तिचा आपणांस विसर पडतो. पडद्यावर पान उमटले की ते हवेतून आले असे वाटते, आणि ‘क्लाउड’ म्हणजे मेघ हा शब्द रूढ झाल्यापासून तर ही समजूत अधिकच दृढ झाली आहे. वस्तुस्थिती अशी आहे की, प्रत्येक संकेतस्थळ कोणत्या तरी गावी, कोणत्या तरी इमारतीत, अहोरात्र चालणाऱ्या यंत्रावर साठविलेले असते. मागेल त्याला पान काढून देणाऱ्या या यंत्रास सर्व्हर म्हणतात, आणि त्यावरील जागा भाड्याने देण्याच्या धंद्यास होस्टिंग.

हा विषय आम्ही निवडला त्याला एक कारण घडले. आमच्या परिचयाच्या एका लहानशा संस्थेने मोठ्या हौसेने आपले संकेतस्थळ उभारले. एका उत्साही कार्यकर्त्याने सर्वांत स्वस्त जागा पाहिली, स्वतःच्या नावावर घेतली आणि संस्थेच्या जुन्या समारंभांची छायाचित्रे, स्मरणिका, देणगीदारांच्या याद्या असे सर्व काही तेथे चढविले. पुढे तो नोकरीनिमित्त परगावी गेला. भाड्याची स्मरणपत्रे त्याच्या एका जुन्या पत्त्यावर येत राहिली आणि कोणीच ती वाचली नाहीत. एके दिवशी संकेतस्थळ नाहीसे झाले. मूळ छायाचित्रे त्यापूर्वीच वाटावाटीत गेलेली होती. त्या वेळी कार्यकारिणीत एकच प्रश्न विचारला गेला, तो असा की आपण जागा चुकीची निवडली काय? याचे उत्तर देण्यासाठी या जागांचा इतिहास पाहणे अवश्य आहे. कारण होस्टिंगचे जे प्रकार आज बाजारात मांडलेले दिसतात, त्यांतला प्रत्येक प्रकार कोणत्या तरी अडचणीतून जन्मास आलेला आहे.

आरंभी निवडीचा प्रश्नच नव्हता. टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थाने जिनीव्हाजवळील सर्न या अणुसंशोधन संस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि १९९० अखेर पहिला सर्व्हर चालू केला. तो नेक्स्ट कंपनीचा, टेबलावर मावणारा एक संगणक होता. कोणी जाता जाता बटण दाबले असते तर त्या दिवशी जगातले सारे वेब बंद पडले असते! म्हणून त्यावर चिठ्ठी चिकटविलेली होती, आणि हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये, अशी ताकीद तीवर तांबड्या शाईत लिहिलेली होती. हे यंत्र पुढे जपून ठेवण्यात आले. डिसेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे युरोपबाहेरचा पहिला सर्व्हर लागला. ज्याची पाने त्याचेच यंत्र आणि त्यानेच ते राखावे, अशी ती सरळ व्यवस्था होती. आज जिला ‘डेडिकेटेड’ म्हणजे स्वतंत्र सर्व्हर म्हणतात, ती याच घराण्यातली होय. फरक इतकाच की आता यंत्रही भाड्याने मिळते. स्वतंत्र बंगल्याचे सुख त्यात आहे. पण कौले शाकारण्यापासून राखणदारापर्यंत सर्व खर्चही एकट्याचाच.

१९९३ साली सर्नने वेबची आज्ञावली सर्वांस विनामूल्य खुली केली आणि संकेतस्थळे झपाट्याने वाढू लागली. तेव्हा दोन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली पैशाची, छोट्या दुकानदाराने यंत्र ठेवावे कोठे आणि सांभाळावे कोणी? दुसरी पत्त्याची. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास एक अंकी पत्ता असतो, आणि त्या वेळच्या रचनेत असे पत्ते सुमारे ४२९ कोटींहून अधिक होऊच शकत नव्हते. वेबच्या पहिल्या नियमांत पान मागणारा केवळ पानाचे नाव सांगत असे. ते कोणत्या संकेतस्थळाचे, हे सांगत नसे. त्यामुळे दर संकेतस्थळास वेगळा अंकी पत्ता खर्ची पडे. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमांत, मागणाऱ्याने यजमानाचे नावही सांगितलेच पाहिजे, असे कलम आले. कलम एका ओळीचे. पण त्यामुळे एकाच यंत्रावर, एकाच पत्त्यावर, शेकडो संकेतस्थळे सुखाने नांदू लागली.

यालाच ‘शेअर्ड’ होस्टिंग म्हणतात. आपल्याकडच्या मंडळींना ते समजावून सांगावयास नको, कारण ती चाळ आहे. पत्ता एक, नळ एक, जिना एक. दारावरच्या पाटीवरून बिऱ्हाड ओळखावयाचे. भाडे थोडे आणि झाडलोट मालकाची. परंतु शेजाऱ्याकडे लग्न निघाले की आपल्या नळाचे पाणी जाते, तसे शेजारच्या संकेतस्थळावर गर्दी उसळली की आपले मंदावते. आणि एखाद्याने कडी लावली नाही तर चोर साऱ्या मजल्यावर हिंडण्याचा धोका असतो. इतके असूनही लहान संस्थेस, ग्रंथालयास वा दुकानास ही जागा बहुधा पुरेशी असते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

याच काळात फुकटच्या जागाही निघाल्या. १९९४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या जिओसिटीजने लोकांना पाने थाटण्यासाठी विनामूल्य जागा दिली आणि त्यांचे विषयवार मोहल्ले पाडले. लक्षावधी सामान्य माणसांनी तेथे आपले छंद, आठवणी, कुटुंबाच्या हकीकती मांडल्या. १९९९ साली याहूने ती वसाहत साडेतीन अब्ज डॉलरांहून अधिक किमतीस विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून पुष्कळ पाने उतरवून घेतली, म्हणून थोडेफार वाचले. धर्मशाळेत मुक्काम करण्यास हरकत नाही. परंतु तेथे घरची कागदपत्रे ठेवून निर्धास्त राहू नये, हा त्यातला बोध.

चाळ अपुरी आणि बंगला परवडत नाही, अशा मधल्या वर्गासाठी तिसरी सोय निघाली. एका यंत्रात अनेक स्वतंत्र यंत्रे असल्याचा भास निर्माण करण्याची युक्ती आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर १९६० नंतरच्या दशकातच साधली होती. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने आणि केंब्रिज विद्यापीठातून २००३ साली पुढे आलेल्या झेन या आज्ञावलीने ती साध्या, स्वस्त यंत्रांवर आणली. तीतून ‘व्हीपीएस’ म्हणजे आभासी खाजगी सर्व्हर रूढ झाला. इमारत सामाईक, पण ब्लॉक स्वतंत्र; दार बंद केले की आतला कारभार आपला. मात्र येथे कुलपे बदलणे, डागडुजी करणे हेही आपलेच काम ठरते. जाणता माणूस हाताशी नसता हा ब्लॉक घेतला, तर चाळीत मालक जे करीत होता तेही होत नाही.

चौथी अवस्था २००६ साली आली. ॲमेझॉनने मार्चमध्ये साठवणुकीची आणि ऑगस्टमध्ये गणनयंत्रांची जागा भाड्याने देण्यास आरंभ केला, ती महिन्याच्या नव्हे तर वापराच्या हिशेबाने. यंत्राचे भाडे आरंभी तासाला दहा सेंट होते. विजेच्या मीटरप्रमाणे वापराल तितके मोजा, हा तो ‘क्लाउड’. निकालाच्या दिवशी लाखो विद्यार्थी एकदम येतात आणि एरवी कोणी फिरकत नाही, अशा संकेतस्थळास याच्यासारखी सोय नाही. परंतु मीटर रात्रीही फिरतो. दिवा मालवण्याचे विसरले की बिल पाहून डोळे पांढरे होतात.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते विदेश संचार निगमकडून, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पुण्यास मायक्रोसॉफ्टचे क्लाउड केंद्र २०१५ मध्ये आणि मुंबईस ॲमेझॉनचे २०१६ मध्ये उघडले. जागा जवळ असण्याचा लाभ केवळ अभिमानाचा नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतची जा-ये पंचवीस हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे एका हेलपाट्यास सेकंदाचा आठवा भाग तरी लागणारच, आणि एका पानासाठी असे हेलपाटे अनेक होतात. म्हणून वाचक जेथे, जागा तेथे, हे सूत्र धरावे.

येथे कोणी म्हणेल की, मोठ्या कंपनीची महाग जागा घेतली म्हणजे चिंता मिटली. इतिहास तसे सांगत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने दुरुस्तीची आज्ञा देताना चूक केली आणि हवे होते त्याहून अधिक सर्व्हर काढले गेले. अनेक मोठमोठी संकेतस्थळे काही तास अडली. त्याहून दारुण प्रसंग फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्री ओव्हीएच कंपनीच्या केंद्रास आग लागली आणि सर्व्हरांनी भरलेली एक इमारत जळून गेली. मनुष्यहानी झाली नाही, पण लक्षावधी संकेतस्थळे बंद पडली. ज्यांनी नक्कल दुसऱ्या गावी ठेवली होती ते सावरले. ज्यांची नक्कल त्याच आवारात होती, त्यांतील काहींचे मूळही गेले आणि नक्कलही गेली.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. त्या संस्थेने चाळीत खोली घेतली ही तिची चूक नव्हती. तिच्या पानांना तेवढी जागा पुरत होती. चूक ही की, खोली कोणाच्या नावावर आहे, किल्ली कोणाकडे आहे आणि कागदांची दुसरी प्रत कोठे आहे, हे कोणी विचारलेच नाही. हा सारा इतिहास पाहिल्यावर आम्हांस असे वाटते की, होस्टिंगचे प्रकार हे मुख्यतः जागेचे प्रकार नसून जबाबदारीच्या वाटणीचे प्रकार आहेत. चाळीत मालक अधिक पाहतो, बंगल्यात आपण. जितकी देखभाल आपल्याकडून खात्रीने होईल, तितकीच पत्करावी. गर्दी वाढली तर बिऱ्हाड हलविता येते. परंतु नाव संस्थेचे असावे, किल्ली निदान दोघांपाशी असावी आणि सर्व मजकुराची प्रत दुसऱ्या ठिकाणी, आपल्या हाती असावी, या तीन गोष्टींना कोणत्याही भाड्यात सूट नाही.

सर्नमधील त्या पहिल्या यंत्राला राखणदार म्हणून एक चिठ्ठी पुरली, कारण ती लिहिणारा माणूस त्याच खोलीत बसत होता. आज आपली यंत्रे आपण पाहतही नाही. म्हणून घरी गेल्यावर आपापल्या संस्थेच्या चिटणिसांना एवढेच विचारावे की, आपले संकेतस्थळ कोणाच्या नावावर आहे? उत्तर लगेच मिळाले नाही, तर पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर तो विषय पहिला घ्यावा.