उपकरण-चालकांतील शक्तिव्यवस्थापन
संगणकाच्या परिचालन प्रणालीतील ज्या आज्ञावल्या एकेका उपकरणाचे कार्य चालवितात, त्यांना उपकरण-चालक म्हणतात. निष्क्रिय उपकरणाचा वीजवापर घटविणे व गरज पडताच ते पूर्ववत करणे म्हणजे शक्तिव्यवस्थापन होय.

इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांच्या १९९२ मधील एपीएम पद्धतीत हा निर्णय बव्हंशी बायॉसकडे असे. मात्र कोणते काम चालू आहे, याची बायॉसला पुरेशी कल्पना नसे. १९९६ मध्ये या दोघांनी तोशिबासह प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय मानकामुळे तो अधिकार परिचालन प्रणालीकडे आला. तरीही लिनक्समधील जुन्या पीसीआय चालकांना उपकरणाची स्थिती जतन करणे, शक्तिपातळी बदलणे इ. कामे स्वतःच करावी लागत. एखादी पायरी चुकल्यास निद्रितावस्थेतून उपकरण नीट जागे होत नसे. नव्या रचनेत ही सामाईक कामे प्रणालीच्या गाभ्याकडे गेली व चालकाकडे केवळ त्याच्या उपकरणापुरती विशिष्ट कामे उरली. डिसेंबर २००९ मधील २.६.३२ या आवृत्तीपासून वापराची गणना शून्यावर येताच, संगणक चालू असतानाही, एखादे उपकरण निद्रिस्त करण्याची सामाईक सोय झाली. २०२० मध्ये अनेक जुने चालक नव्या रचनेत आणले गेले. उपकरणाचा वापर ज्याला प्रत्यक्ष ठाऊक असतो, त्या चालकाला विश्रांतीच्या निर्णयात स्थान मिळाले, हे या स्थित्यंतराचे सार होय.