कोटा म्हणजे कोणतं कोटा?

मंडळी, पालीपासूनच सुरुवात करू. राजगडाच्या पायथ्याची ही आपली पाली, भोर-वेल्ह्यातली. पायाखाली सगळा काळा पाषाण, लाव्ह्याचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. आता भूशास्त्राच्या पुस्तकात ‘पाली फॉर्मेशन’ दिसलं आणि त्यात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे मिळतात असं वाचलं, तर कुदळ घेऊन इथल्या डोंगरावर जाऊ नका. ती पाली मध्य प्रदेशातली, उमरिया जिल्ह्यातली; तिथले खडक 25 कोटी वर्षांच्या आसपासचे. अष्टविनायकाची पाली तर तिसरीच.

फॉर्मेशन म्हणजे नकाशावर वेगळा दाखवता येईल असा खडकांचा गट. जिथे तो नीट उघडा दिसतो, तिथल्या गावाचं नाव बहुधा त्याला देतात. पण एका नावाची गावं आपल्याकडे कमी का आहेत?

खरा घोळ कोट्याचा. तुमच्या घरातली कोटा फरशी राजस्थानातली, कोटा-रामगंजमंडी भागातली. विंध्य खडकांतली ती चुनखडी, पृथ्वीवर हाडं असलेला एकही प्राणी नव्हता तेव्हाची. दुसरं कोटा हे गडचिरोलीत, सिरोंच्याजवळ, प्राणहितेच्या काठचं लहानसं गाव. तिथला ‘कोटा’ गट ज्युरासिक काळातला, आणि गंमत म्हणजे त्यातही चुनखडीचे थर आहेत! नुसतं ‘कोटा चुनखडी’ म्हटलं तर दोन्ही बरोबर. फरशीवर जे झाडाच्या फांदीसारखं नक्षीकाम दिसतं ना, ते जीवाश्म नव्हे, बरं का; बहुधा खनिजाची रांगोळी असते.

या प्राणहितेकाठच्या चुनखडीतल्या माशाचं वर्णन 1851 साली लंडनमध्ये छापलं गेलं. लिहिणारे कर्नल साइक्स, म्हणजे आपल्या पुणे भागात सरकारी पाहणी केलेले तेच. माशाचं नाव पडलं लेपिडोटस डेक्कनेन्सिस. ‘दख्खनचा’ म्हटल्यावर माणूस आपला काळा पाषाण डोळ्यांपुढे आणतो. मासा त्या लाव्ह्याहून दहा कोटी वर्षांनी तरी जुना!

याहून अवघड गाठ पुढे बसली. नदीपलीकडे, आजच्या तेलंगणात, मलेरी नावाचं गाव. एकोणिसाव्या शतकात कोटा आणि मलेरी यांचे थर ‘कोटा-मलेरी’ अशा एकाच जोडनावाखाली घातले गेले. मग मलेरीतले सरपटणारे प्राणी ट्रायासिक आणि कोट्यातले मासे ज्युरासिक असं कसं, हे कोडं. आम्ही तत्त्वज्ञानवाले म्हणू, नाव एक म्हणून वस्तू एक कशी? इथे तर जोडचिन्हानेच दोन काळ एकत्र बांधले होते. महालनोबिस यांनी पामेला रॉबिन्सन यांना कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बोलावलं. त्या आणि तिथले संशोधक खोऱ्यात थर न् थर तपासत गेले, तेव्हा गाठ सुटली. मलेरी खाली, कोटा वर, आणि दोघांच्या मध्ये आणखी खडक.

याच कोटा गटातून संस्थेच्या लोकांनी एका प्रचंड डायनोसॉरची हाडं काढली. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे ते दिवस, म्हणून नाव ठेवलं बारापासॉरस टागोरी. ‘बारा’ बारा आकड्यातला नव्हे, ‘बडा’ पाय. वर्णन 1975 साली प्रसिद्ध झालं. सांगाडा कोलकात्यात त्या संस्थेत उभा आहे. हे सांगितलं की माझे विद्यार्थी हमखास राजस्थानचा नकाशा उघडत. मी म्हणायचो, बाबांनो, सिरोंचा शोधा.