गांवचा कोण आणि परका कोण ?

दुष्काळांत दारीं आलेल्या भुकेल्याला आधीं घास द्यावा, कीं आधीं त्याचें गांव विचारावें ? घरगुती दानधर्मांत हा प्रश्न सहसा उठत नाहीं. परंतु मदत सार्वजनिक खजिन्यांतून द्यावयाची झाली म्हणजे तो चुकवितां येत नाहीं. वर्धा जिल्ह्यांतील समुद्रपूरच्या निमित्तानें त्याचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

इंग्लंडांत १६०१ च्या कायद्यानें प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दींतील वस्तीवर, आपापल्या गरिबांच्या पोषणाचा भार टाकला. भार आला, त्याबरोबर 'आपले' गरीब कोणते ही घासाघीसही आली. नवा आलेला मनुष्य पुढें वस्तीवर बोजा होईल अशी नुसती भीति वाटली, तरी ४० दिवसांच्या आंत तक्रार करून त्याला परत धाडण्याची मुभा १६६२ च्या कायद्यानें दिली. मजुरानें कामाच्या शोधांत बाहेर पडणेंच त्यामुळें धोक्याचें झालें. ॲडम स्मिथनें १७७६ सालीं या कायद्यावर कडक टीका केली. १७९५ सालीं, प्रत्यक्ष मदत मागितल्यावांचून कोणास हलवूं नये, असें ठरलें.

हिंदुस्थानांत १८८० च्या दुष्काळ कमिशननंतर ज्या दुष्काळसंहिता झाल्या, त्यांची मुख्य कसोटी श्रमाची होती. खडी फोडावयास वा तलाव खणावयास जो येईल त्याला मजुरी मिळे. ज्यांच्यानें काम होत नसे अशा वृद्धांना व अपंगांना मात्र त्यांच्या गांवींच फुकट मदत मिळे, आणि तेथें गांवची ओळख लागे. वाटेवर भटकणाऱ्यांची रवानगी गरीबखान्यांत होई व अंगीं बळ आल्यावर त्यांना आपापल्या गांवीं धाडीत. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांत मध्यप्रांतांत शिजविलेलें अन्न देणारीं सरकारी अन्नगृहेंही मोठ्या प्रमाणावर उघडावीं लागलीं.

समुद्रपूर त्या काळीं हिंगणघाट तहसिलींत मोडे, आणि वर्धा व छिंदवाडा एकाच प्रांतांत होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनें ते दोन राज्यांत गेले. मजुरांची वाट तीच राहिली, सरहद्द मात्र नवी आली.

या सरहद्दीचें महत्त्व पुढें कळलें. महाराष्ट्रांत १९८० सालीं संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. तिचा लाभ घेण्यास राज्यांत १५ वर्षांचा रहिवास असावा लागतो. समुद्रपूर आतां स्वतःच तालुक्याचें ठाणें असल्यानें तेथील निराधारांचे अर्ज तेथल्याच तहसील कचेरींत जातात. पैसा राज्याच्या करांतून येतो, तेव्हां राज्यानें मर्यादा घालावी, हें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. परंतु जो झोंपडींत राहिला, ज्याच्या नांवें ना घर ना शेत, त्यानें पंधरा वर्षें सिद्ध करावीं कशानें ? ज्याला मदतीची गरज सर्वांत अधिक, त्याच्याच हातीं कागद सर्वांत कमी असतो.

धान्याच्या बाबतींत ही गांठ थोडी सैल झाली आहे. २०१९ पासून 'एक देश, एक रेशनकार्ड' या योजनेनें परगांवीं गेलेल्या शिधापत्रिकाधारकास तेथेंच धान्य घेतां येऊं लागलें. हक्क माणसाबरोबर चालूं शकतो, हें त्यावरून दिसतें. अनुदानालाही तो न्याय लागावा, एवढीच अपेक्षा. कारण भूक रहिवासाचा दाखला मिळेपर्यंत थांबत नाहीं.