दिनविशेष : १ जानेवारी १९६६
राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना

हिंद महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेनंतर (१९६२-६५) स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक डॉ. एन. के. पणिक्कर. सुरुवात दिल्लीत, मुख्यालय पुढे गोव्यात दोना पावला येथे आले. मुंबईचे प्रादेशिक केंद्र अंधेरीत, चार बंगला भागात आहे. शेजारच्या लोखंडवालात खरेदीला जाणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असेल, कोण जाणे!

या संस्थेच्या एका प्रयोगाचा आधार होता ध्वनी. समुद्राच्या पोटात प्रकाश फार खोल शिरत नाही. आवाज मात्र शेकडो किलोमीटर जातो, सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने. पाणी तापले की हा वेग वाढतो. १०० किलोमीटरच्या वाटेवरचे कोमट पाणी एका अंशाने अधिक तापले, तर साधारण ६५ सेकंदांच्या या प्रवासात ध्वनी सेकंदाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाने लवकर पोहोचतो. तेवढ्या फरकावरून शास्त्रज्ञ तापमान काढतात. ध्वनी दोन्ही बाजूंनी सोडला, तर जाण्या-येण्याच्या वेळेतील तफावतीतून प्रवाहही कळतो. मे १९९३मध्ये संस्थेने पूर्व अरबी समुद्रात नेमका असाच दुहेरी प्रयोग केला. थर्मामीटर एका जागेचे तापमान सांगतो, ध्वनी अख्ख्या वाटेची सरासरी देतो.