एक शब्द ठळक करायचा होता

जीटीके म्हणजे लिनक्सवर खिडक्या-बटणं बनवायचं टूलकिट. त्याच्या जुन्या १.२ आवृत्तीत एका लेबलला एकच फॉन्ट. वाक्यातला एखादाच शब्द ठळक हवाय? मग तीन लेबलं शेजारी-शेजारी चिकटवा! इंग्रजीत ते खपून जायचं. 'डिलीट ऑल फाइल्स'मध्ये ठळक 'ऑल' मधोमध. पण मराठीत? 'सगळ्या फायली पुसायच्या?' ठळक शब्द पहिलाच, आणि लेबलांचा क्रम तर ठरलेला. अनुवाद करणारा बिचारा काय करणार?

मार्च २००२ मध्ये जीटीके २.० आलं, सोबत पँगो. ग्रीक 'पॅन' म्हणजे सर्व, जपानी 'गो' म्हणजे भाषा. आता बी, आय, स्पॅन हे टॅग वाक्यातच लिहायचे. शब्द हलवला की टॅगही त्याच्यासोबत हलतो. आपली जोडाक्षरं नीट जुळवायचं कामही पँगोनंच घेतलं.

खोड एकच. मजकुरात नुसतं & आलं, की पँगो त्याला खास खुणेची सुरुवात समजतो. मी एकदा दुकानाचं नाव '& सन्स'सकट तसंच घातलं. लेबल कोरं! तासभर फॉन्टला शिव्या घालत बसलो होतो.