धाराऊपासून दूधपेढीपर्यंत

बंगळूरच्या जुन्या किल्ल्याजवळ, कृष्णराजेंद्र मार्केटच्या गजबजाटापासून हाकेच्या अंतरावर, वाणीविलास नावाचे स्त्रियांचे व मुलांचे सरकारी रुग्णालय आहे. १९३५ साली ते सुरू झाले, आणि म्हैसूर संस्थानाचा कारभार पुत्राच्या अज्ञानकाळात ज्यांनी सांभाळला त्या महाराणी वाणीविलास यांचे नाव त्याला मिळाले. या रुग्णालयात २०२२ साली मातृदुधाची पेढी उघडली. तिचे कन्नड नाव 'अमृतधारे'. मराठी माणसाच्या कानावर हे नाव पडले म्हणजे त्याला दुसरे एक नाव आठवल्यावाचून राहत नाही: धाराऊ. नावांतले हे साम्य अर्थात योगायोगाचे. पण ज्या गरजेतून ही दोन्ही नावे पुढे आली ती गरज मात्र एकच आहे.

१४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर संभाजीराजांचा जन्म झाला. ज्या आजोबांची जहागीर १६३८ नंतर याच बंगळुरात होती, त्या शहाजीराजांचा हा नातू. बाळंतपणानंतर सईबाईंची प्रकृती ढासळली आणि दूध पुरेना. तेव्हा पुरंदरच्या परिसरातील कापूरहोळ गावच्या गाडे घराण्यातील धाराऊ हिला बाळाला पाजण्यासाठी आणण्यात आले. सईबाई १६५९ च्या सप्टेंबरात निवर्तल्या. छत्रपतींच्या घरीसुद्धा आईचे दूध आटू शकते, आणि त्यात त्या आईचा काडीमात्र दोष नसतो, ही गोष्ट आपण इतिहासातून शिकावयास हवी होती. आपण शिकलो ते दूधआईचे कौतुक. ते योग्यच आहे. परंतु धाराऊच्या मांडीवर त्या वेळी तिचे स्वतःचे मूल असेल, तर त्याच्या वाट्याला काय उरले, हा प्रश्न बखरकारांना पडला नाही.

आपल्या वैद्यकाने मात्र या विषयाचा विचार फार पूर्वी केला होता. चरकाने दूध वाढविणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गण सांगितला आहे. त्यात वाळा, साळी, साठी, दर्भ, कुश, काश अशी बहुतेक गवताच्या जातीची मुळे येतात. आज जिचे नाव घरोघर घेतले जाते ती शतावरी या दहांत नाही, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. सुश्रुताने तर याहून मार्मिक गोष्ट सांगितली: क्रोध, शोक आणि अपत्याविषयीच्या मायेचा अभाव यांनी दूध नाहीसे होते, आणि बाळाच्या स्पर्शाने, दर्शनाने, नुसत्या आठवणीनेही ते वाहू लागते. पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाला मध-तूप चाटवावे, हे त्याचे सांगणे मात्र आता सोडावेच लागते. पहिले घट्ट, पिवळसर चीक हेच बाळाचे पहिले संरक्षण होय. आणि मध तर वर्षाच्या आतील मुलाला अपायकारक ठरू शकतो.

बंगळूरच्या कन्नड घरात बाळंतिणीच्या पानावर 'सब्बसिगे'ची भाजी येते. शेजारच्या मराठी घरात बाळंतशोपा येतात. ही एकाच झाडाची पाने आणि बी, म्हणजे आपला शेपू. शिवाय अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, लसूण आहेतच. या पदार्थांनी दूध निश्चित वाढते असा भक्कम पुरावा आधुनिक शास्त्राला अजून मिळालेला नाही. तरी ही परंपरा टाकाऊ होती असे मला वाटत नाही. तिचा खरा गुण वाटीत नव्हता, खोलीत होता. बाळंतिणीला चाळीस दिवस कामातून सुटका, ऊन अन्न, आणि मूल सदैव कुशीत.

कारण दुधाचा कारखाना मागणीवर चालतो. मूल जितके ओढील तितके दूध पुन्हा तयार होते. साठून राहिले की निर्मिती मंदावते. दूध तयार करणारे संप्रेरक रात्री अधिक असते, म्हणून रात्रीचे पाजणे टाळू नये. दूध बाहेर सोडणारे दुसरे संप्रेरक, ऑक्सिटोसिन, द्यू विन्यो या शास्त्रज्ञाने १९५३ साली प्रयोगशाळेत बनविले आणि १९५५ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. भीतीने व वेदनेने हेच संप्रेरक अडते. सुश्रुताचा शोक आणि क्रोध येथे नव्या नावाने भेटतात.

मग दूध पुरत नाही ही हाकाटी एवढी का वाढली? १८६७ च्या सुमारास स्वित्झर्लंडात हेन्री नेस्ले याने शिशुआहाराची भुकटी विकावयास काढली. आपल्याकडे पन्नासच्या दशकात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत म्हशीच्या दुधापासून शिशुआहार करण्याची कृती सिद्ध झाली, आणि आणंदच्या अमूलने तो बाजारात आणला. शास्त्रज्ञांचे ते यश खरेच होते, आणि ज्या बाळाला आई नाही त्याला तो आधारही होता. पण डबा घरात आला की आईचा धीर सुटे. एक बाटली दिली की मूल तेवढे कमी ओढी, दूध तेवढेच कमी होई, आणि शंका खरी ठरे. १९९२ साली संसदेने कायदा करून अशा आहाराच्या जाहिरातीस बंदी घातली, ती याच कारणाने.

शंका आलीच तर मापे साधी आहेत. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल आणि दोन आठवड्यांच्या आत जन्माचे वजन परत मिळवीत असेल, तर दूध पुरते आहे. तसे नसेल तर बाळ स्तन नीट तोंडात घेते की नाही हे जाणत्याकडून तपासून घ्यावे. काही थोड्या स्त्रियांना आजारामुळे खरोखरच दूध कमी येते. त्यांना दोष देऊ नये, डॉक्टरांकडे न्यावे.

अशा वेळी आणि विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी दूधपेढी उपयोगी पडते. पहिली पेढी १९०९ साली व्हिएन्नात निघाली. आशियातील पहिली आपल्या मुंबईत, शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केली. दान करणाऱ्या मातेची रक्ततपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवितात आणि गोठवून ठेवतात. धाराऊच्या काळचा प्रश्न येथे उरत नाही, कारण दान करणारी आई आपल्या बाळाचे भागल्यावर उरलेले तेवढेच देते. आणि ज्या आईचे बाळ काचेच्या पेटीत आहे तिनेही दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, स्वतःचे दूध हाताने काढीत राहावयाचे असते. पहिल्या दिवशी ते चमचाभरही निघत नाही. पेढीचे दूध तेवढ्या दिवसांपुरते.